नवरी मांडवात बसेपर्यंत

पौषातली थंडी दोंडाईच्यात अशी झोंबते की उन्हालाच ओट्यावर बसवून चहा पाजावासा वाटतो. रुचीनं नळाचं पाणी भरलं, अंगण झाडलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

जळगावची ही मुलगी मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या घरात सून म्हणून आली, ती आपलं एक वेड सोबत घेऊन. वेबसाइट चालवणारा एक सर्व्हर-प्रोग्रॅम देशोदेशीची माणसं मिळून फुकटात बनवतात, त्यांतली ही एक. "पगार नाही, तर हिला नोकरी कशी म्हणायची?" नवऱ्यानं, रोनकनं, पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"नोकरी कुठंय? गणपती मंडळ समज."

यंदा नवी आवृत्ती काढायची जबाबदारी पहिल्यांदाच तिच्यावर आली होती. तिघांनी आपापल्या मशीनवर तपासून होकार द्यायचा, मगच ती जगासाठी खुली. दोन होकार आले होते, तिसरा तिचा. आतली मोठी दुरुस्तीही तिचीच. कधी एकदा आवृत्ती आपल्या हातून बाहेर पडते असं झालेलं. चाचण्या सगळ्या पास.

शेवटची हौस म्हणून तिनं त्या सर्व्हरवर नणंदेच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवला आणि सासूबाई झमकूबाईंच्या फोनवर लावून दिला. झमकूबाई तो मिरच्या पसरणाऱ्या बायांना दाखवायला गच्चीवर गेल्या. तिथं घरचं वायफाय येतं-जातं.

थोड्या वेळानं वरून हाक आली. बायांत बसल्या की झमकूबाईंच्या तोंडी अहिराणीच.

"व रुची! हाई नवरी कितला येळा हयद लावस व? मांडोमा बसाले गई का परत हयदीले जास!"

"तिले नवरदेव पसंत नही शे, अक्का!" एक बाई म्हणाली आणि गच्ची हसून हसून लोळली.

रुचीही हसली, अन् मधेच थांबली. तुटलेली लाइन जुळली की फोन पुढचा भाग मागतो. सर्व्हरनं तिथूनच द्यायला हवं. हा बापडा मुळापासून, थेट हळदीपासून, सुरू करत होता. खोट तिच्याच दुरुस्तीत. लाइन तुटली तर काय, हे तिनं तपासलंच नव्हतं.

"देऊन टाक ना होकार," रोनक म्हणाला. "गच्चीवर बसून लग्न बघतं कोण?"

"तुझी आई!"

तिनं स्वतःच्याच आवृत्तीला नकार लिहिला. कारणही लिहिलं, नवरीसकट. आता सगळे नावं ठेवणार, या धास्तीनं ती उत्तराची वाट बघत बसली. पोलंडच्या म्हाताऱ्या सोबत्याचं पहिलं उत्तर आलं: "नवरीला सांग, आम्ही मांडवात थांबलोय." मागोमाग बाकीच्यांच्या शाबासकीच्या अक्षता पडल्या.

आठवडा सरायच्या आत दुरुस्त प्रत निघाली. पुन्हा दोन होकार आले आणि झमकूबाई पुन्हा फोन घेऊन वर गेल्या. रुची जिन्याशी कान देऊन उभी.

"बसनी व माय! नवरी मांडोमा बसनी!"

वर टाळ्या पडल्या. रुचीनं धावत येऊन तिसरा होकार लिहिला. तिच्या नावाची पहिली आवृत्ती जगात निघाली.

"जेवण कधी?" रोनकनं विचारलं.

"आता वऱ्हाड जेवायला बसेल," म्हणत तिनं लॅपटॉप मिटला, बाह्या वर सारल्या आणि भाकरीसाठी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, पिठात पाणी ओतलं.