पहिल्या हाकेला ओ नाही

एक हाक मारली मी, "अहो", आणि दुसरी मारणार तोच शेजारणीचा नवरा म्हणाला, "बास वहिनी. तिन्हीसांजेला रानात हाकांवर हाका मारत नाहीत."

माझी तीन वर्षांची पोरगी रानात, तिला घेऊन पाण्याला गेलेला तिचा बाप रानात, उजेड चाललाय, आणि हा माणूस मला बास म्हणतोय.

मुलुंडच्या मागचा डोंगर तो. चढून गेलं की वर पठार लागतं, पण सपाट आपलं बोलायला, बाकी सगळी झाडी. साग आणि करवंदीच्या जाळ्या, चार पावलांवरचं माणूस दिसत नाही. आम्ही नाहूरला चाळीत राहायचो, डोंगर रोज कपडे वाळत घालताना दिसायचा, पण तिथे जाऊन रात्र काढावी असं कुणाला वाटलं नव्हतं. खूळ काढलं ते ह्या शेजाऱ्यानं. मरोळला कारखान्यात होता, तिथल्या पोरांबरोबर कुठल्यातरी डोंगरावर राहून आला आणि तेव्हापासून त्याच्या अंगातच आलं. दिवाळी झाली, थंडी पडली, तसा आमच्या ह्यांच्या मागे लागला. आमचे हे मिल बंद पडल्यापासून घरात नुसते गप्प बसून असायचे, ते एकदम हो म्हणाले, म्हणून मी पण काही बोलले नाही. पोरीला आईकडे ठेवते म्हटलं तर म्हणे नको, तिला पण मजा. झाली मजा.

सकाळपासून ह्या शेजारच्या भावोजींच्या गळ्यात शिट्टी. ओळीनं चला की शिट्टी, बसा की शिट्टी, पाणी पिऊ नका की शिट्टी. माझी शेजारीण मला हळूच बोलली, घरी पण असाच असतो गं, फक्त शिट्टी नसते. वर पोचलो, दोन झाडांना ताडपत्री बांधली, चूल मांडली, तेव्हा कळलं की पाणी संपलं. ह्यांनी कॅन उचलला. येताना वाटेत डबकं लागलं होतं, लांब पण नव्हतं. पोरगी मी पण म्हणून रडायला लागली, तिला खांद्यावर घेतली आणि गेले.

ते आलेच नाहीत. आम्ही भाकऱ्यांचं फडकं सोडलं, सुकटीची चटणी काढली, खाली कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला, तरी नाही. मग मी उठून वाटेकडे बघायला लागले. त्या डोंगरात वाघ आहे हे चाळीतलं शेंबडं पोर पण सांगायचं, आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो.

मी म्हटलं, भावोजी, शिट्टी वाजवा, ती तरी लांब ऐकू जाईल. तर हा दिवसभर कान किटवणारा माणूस शिट्टी मुठीत धरून म्हणतो, दिवेलागणीला शिट्टी वाजवत नाहीत, नको ते जमा होतं. कुठे गेली तुमची ती कारखान्यातली हुशारी, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं, कारण बॅटरी त्याच्याकडे होती.

शेवटी असं ठरलं की शोधायला निघायचं, एका जागी एकच हाक मारायची आणि पुढे सरकायचं. नाव तर घ्यायचंच नाही. रानात पोराचं नाव घेतलं की ते दुसरं कुणीतरी ऐकतं आणि मग तेच हाक मारतं, हे मला पण लहानपणापासून सांगितलेलं, म्हणून मी पण ऐकलं. आणि नवऱ्याचं नाव तर मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग काय, नुसतं अहो. एका झाडाखाली अहो, पुढच्या झाडाखाली अहो. शेजारीण माझा पदर धरून मागून, भावोजी बॅटरी घेऊन पुढे. कुणी ओ देत नाही.

मग एका जाळीत काहीतरी खसखसलं. भावोजी जागच्या जागी थांबले, बॅटरी विझवली आणि मला मागे ओढायला लागले. म्हणाले, वाघ आहे, आवाज करू नका. आणि माझं डोकंच फिरलं. वाघ असेल तर पोरगी कुठाय मग. मी त्यांचा हात झटकला आणि बोंब मारली. ह्यांचं नाव घेतलं, नुसतं नाव, अहोजाहो नाही काही, मग पोरीचं घेतलं, मग परत दोघांची, एकामागे एक, श्वास संपेपर्यंत.

त्याच जाळीमागून ह्यांचा आवाज आला, गावच्या मालवणीत, "आहे, आहे, हय आसंय."

बॅटरी लावली. हे जाळीला टेकून बसलेले, कॅन बाजूला, पोरगी मांडीवर, आणि तिच्या तोंडावर ह्यांचा हात. तसाच, अजून.

मी पोरगी ओढून घेतली. अंगभर चाचपली, करवंदीचे ओरखडे सोडले तर काही नव्हतं. ती रडत म्हणाली, "आई, मी ओ देत होते, बाबा म्हणाले, गप ऱ्हव, ओ दिव नको."

हे सांगायला लागले. येताना वाट चुकली, फिरून फिरून त्याच झाडापाशी यायला लागले, म्हणजे चकवा. चकवा लागला की चालायचं नाही, एका जागी बसायचं, म्हणून बसले. मी विचारलं, माझी हाक ऐकू आली नाही का. तर शांतपणे म्हणाले, "आली की. दर वेळी एकच, आणि दर वेळी दुसरीकडून. पहिल्या हाकेला ओ कोण देतं? माणूस असेल तर एका जागेवरून तीनदा हाक मारील." आणि भावोजी मान हलवत म्हणाले, बरोबर आहे.

बरोबर आहे म्हणे. एक हाक मारायला लावणारा हा, एका हाकेला गप्प बसणारे ते, आणि मध्ये माझी पोर तोंड दाबून बसलेली. तीन पावलं लांब होतो आम्ही. मी दोघांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारीण पण तिच्या नवऱ्याला बोलली, तिनं तर गळ्यातली शिट्टी काढून जाळीत फेकली.

पण परत ताडपत्रीकडे येताना हे मागून हळू म्हणाले, "तू नाव घेऊन बोंबललीस तेव्हा पण पटकन ओ देववली नाही. तुझा आवाज घेऊन दुसरंच कायतरी आलं असतं, आणि मी पोरीला घेऊन त्याच्या मागे गेलो असतो तर?"

मी पोरीला छातीशी धरून चालत राहिले. मला पण आईनं हेच शिकवलेलं. मी त्या जाळीमागे असते, अंधार पडत आलेला, पोर मांडीवर, आणि एकच हाक आली असती, अगदी ह्यांच्या आवाजातली, तर मी दिली असती का ओ? अजून मला ठरवता येत नाही. तुम्ही दिली असतीत?