डाव्या बरगडीतली कळ

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी बेंगळूरच्या एका कॉलेजात शिकत होते आणि तिथल्या बॉल बॅडमिंटनच्या संघात खेळत होते. मी डावखुरी. एकदा सरावात डोक्यावरून चाललेला लोकरीचा चेंडू मागं वाकून मारला आणि डाव्या बरगड्यांत चर्रकन कळ आली. खेळ संपेपर्यंत तशीच खेळत राहिले. संध्याकाळी मात्र खोल श्वास घेववेना.

आई घाबरली. "डावीकडं दुखतंय, हृदयाचं तर नसेल?"

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "उसण भरलीय. रगडून तेल लावू, पट्टा बांधू. सरी होईल, बरं वाटेल."

त्यांनी मायेनं रगडलं, घट्ट पट्टा बांधला. दुखणं वाढलं.

सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, शिवणकामाचं दुकान बंद ठेवून मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी छाती तपासली आणि एकेक बरगडी बोटानं दाबत आल्या. एका जागी मी कळवळले.

"हृदय ठीक आहे, हाडही शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "बरगड्यांमधला स्नायू ताणलाय. हा पट्टा काढ. दुखतं म्हणून श्वास आखडलास तर छातीत कफ साठेल. सावकाश, पूर्ण श्वास घेत जा. खोकताना उशी कवटाळ. ताप आला किंवा धाप लागली तर लगेच ये."

"आणि सामने?"

"यंदा नाहीत."

घरी येईपर्यंत मी रडले. मग ठरवलं, सराव चुकवत नव्हते तसा हा श्वासही चुकवायचा नाही.

अण्णा कोळशाच्या इस्त्रीनं फलालीनची घडी गरम करत, स्वतःच्या गालाला लावून बघत आणि मग मला शेकायला देत. कळ ओसरल्यावर मी भिंतीवर बोटं चालवत हात वर नेऊ लागले. बोटं पोचली तिथं अण्णा कापडाच्या खडूनं खूण करत. एखाद्या दिवशी हात कालच्या खुणेपर्यंतही जात नसे. मी जोर लावायला निघाले की ते म्हणत, "आज स्वल्प खालीच राहू दे."

मी चिडत असे, पण ऐकत असे.

संघ माझ्याविना खेळला आणि हरला. मी कडेला बसून शेवटपर्यंत पाहिलं.

पुढं डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर रॅकेट हातात घेतली. पहिल्याच फटक्याला श्वास रोखला होता. बरगडीत नुसता ताण जाणवला, कळ नाही. चेंडू मात्र जाळीत गेला. मी दुसरा उचलला.