निकेलचा मान

रेणुका शिगवण देवरूखच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या एका शोधनिबंधाचा जगभरातल्या चारशेहून जास्त संशोधकांनी आपल्या लेखनात उल्लेख केला होता. निबंधात काय आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण आकडा सगळ्यांना पाठ होता. प्राचार्यांनी तर तो प्रयोगशाळेच्या दारावर रंगवून घेतला होता. आकड्याला मान द्यायला रसायनशास्त्र थोडंच यावं लागतं!

निबंध होता निकेलच्या एका संयुगावर. एकमेकांशी न जुळणारे दोन रेणू हे संयुग जुळवून द्यायचं आणि स्वतः बाजूला व्हायचं, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं. बाहेर काहींना ते जमलं नाही, तसं त्यांनी लिहिलंही. पण आकडा मोजणारा उल्लेख मोजतो, तो कौतुकाचा की तक्रारीचा हे बघत नाही. रेणुकाबाईंनीही बघायचं टाळलं होतं.

त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी तेजस्वी हाच विषय घेऊन पुण्याला संशोधनाला गेली. तिचे रेणू काही केल्या जुळेनात. ती रडकुंडीला येऊन फोन करायची आणि बाई म्हणायच्या, "भांडी नीट धूत नसशील. हात स्वच्छ लागतो यात." शेवटी पोरीने संशोधन सोडलं. आता ती लोट्याला एका कंपनीत नमुने तपासते, शिफ्टमध्ये.

यंदा कॉलेजात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, भांडीही त्याच पाण्याने विसळली जाऊ लागली, आणि खुद्द रेणुकाबाईंचा प्रयोग फसला. पुन्हा केला, पुन्हा फसला. इतकी वर्षं तिथे भांडी बोअरच्या पाण्याने विसळून भट्टीत सुकवायची रीत होती, कारण शुद्ध पाणी जेमतेम प्रयोगापुरतं मिळायचं. बोअरचं पाणी असं की बादलीला तांबडा थर धरतो. सगळा तालुका तो घासून काढतो आणि विसरतो. बाईंनी एक चंबू त्याच पाण्याने विसळला. रेणू जुळले. मग शुद्ध पाण्याने धुतलेल्या चंबूत निकेल वगळलं आणि चिमूटभर लोहाचा क्षार टाकला. तरी जुळले! लग्न जमवलं होतं लोखंडाने, मान घेतला निकेलने.

रेणुकाबाई स्टुलावर बसूनच राहिल्या. सगळ्यात आधी आठवली ती तेजस्वी, आकडा नव्हे. ती भांडी जितकी स्वच्छ धूत गेली, तितकी हरत गेली होती.

घरी नवरा, प्रमोद, म्हणाला, "निवृत्ती तोंडावर आलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडतेस?"

"मूठ माझी आहे रे, पण तिच्यात पोरगी दुसऱ्याची चिरडली."

निबंध मागे घेत असल्याचं त्यांनी नियतकालिकाला कारणासकट कळवलं. त्याला धैर्य लागलं, पण ते खुर्चीत बसून झालं. दुसरं काम अवघड होतं. रविवारी त्या खेडजवळ तेजस्वीच्या घरी गेल्या आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

तेजस्वी म्हणाली, "मॅडम, हे माझ्या आईला सांगा. ती अजून लोकांना सांगते, आमच्या पोरीला झेपलं नाय."

आई, मैनाबाय, पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. रेणुकाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. रसायनशास्त्र गाळून त्यांनी एवढंच सांगितलं, "तुमची लेक चुकली नव्हती. चूक माझी होती."

मैनाबायचा हात थांबला. "मंग तवा का नाय सांगितलंत, बाय? माज्या पोरीन् दोन वर्सां रडून काडलीन."

तेव्हा माहीत नव्हतं, हे उत्तर जिभेवर आलं होतं. खरंही होतं. पण रेणुकाबाईंना ते पुरेना.

"तेव्हा आम्हा दोघींपैकी एकीवर शंका घ्यायची होती," त्या म्हणाल्या. "मी हिच्यावर घेतली."