पंधराव्या रत्नाचा शेवटचा फर्मा

“काकू, तरलेनं पेटीचं झाकण उचललं, अन् पुस्तकच संपलं! हे असंच हाय काय?”

फोनवर वैभव होता. मलकापुरात माझं पुस्तकांचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळीच पंधराव्या रत्नाच्या मालिकेचा पाचवा, शेवटचा भाग रिलीज झाला होता. समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली हे आपल्याला ठाऊक आहे. पंधरावं देवांनी पेटीत दडवलं, अशी ही कादंबरी. चार भाग नायिका तरलेसोबत आम्ही सगळे त्या पेटीमागे धावत होतो. वैभवनं पहिला भाग शाळेत असताना नेला होता. आता तो सैन्यात भरती झाला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं ट्रेनिंगला निघणार होता. सकाळी दुकान उघडलं तेव्हा तोच सगळ्यात आधी पायरीवर हजर!

मी एक प्रत उघडली. शेवटचं वाक्य अर्ध्यातच तुटलेलं. मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक बांधतात. बाइंडिंगमध्ये शेवटचा फर्माच राहिला होता. गठ्ठ्यातल्या सगळ्या प्रती तशाच!

माल आला की शेवटची पानं पाहणं हे सलीमभाईंचं काम. दुकान सुरू झालं तेव्हापासून ते माझ्यासोबत आहेत.

“सलीमभाई, शेवट पाहिला नाही?”

“काऊन पाहीन ताई? पेटीत काय हाय ते दिसलं असतं, तं सारी मजाच किरकिरी झाली असती!”

यावर रागावणार तरी कशी? शेवटच्या पानाला मीसुद्धा हात लावला नव्हता. कॉलेजच्या एका सरांनी तर व्हॉट्सॲपवर लिहूनही टाकलं, ‘शेवट वाचकाच्या हाती सोपवण्याचं थोर धाडस!’

मी पुण्याला प्रकाशकाच्या सेल्स मॅनेजरना फोन लावला.

“सॉरी मॅडम. बदली प्रती या आठवड्यात पाठवतो.”

“तोवर माझं गिऱ्हाईक सैन्याच्या ट्रेनिंगला पोचलेलं असेल, मोबाइलसुद्धा जमा झालेला असेल. सोळा पानांची पीडीएफ पाठवा.”

“आज रिलीज आहे. फाइल फुटली तर माझी नोकरी जाईल हो!”

“माझ्या दुकानातून पुस्तकं चोरीला गेलीत, गुपितं नाही.”

ते हसले. बॉसना विचारतो म्हणाले. मी घड्याळ बघत बसले. गाडीची वेळ जवळ आली तेव्हा कुठे फाइल आली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

सलीमभाईंनी पानं पालथीच प्रिंट केली, न बघता पिना मारल्या. फाइल डिलीट केली आणि आम्ही दोघं स्कूटरवर सुटलो.

गाडी प्लॅटफॉर्मवर उभी होती. वैभव दारात, त्याची आई खाली डोळे पुसत होती. मी पानं त्याच्या हातात कोंबली. तो तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागला.

“एक शब्द बोलू नको बे!” सलीमभाई ओरडले.

गाडी हलली. वैभवनं शेवटचं पान उलटलं आणि वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

“काकू, आईले द्या हे पुस्तक! माह्याकडून!”

गाडी गेली. आम्ही तिघं बाकावर बसलो. ही माउली आजवर ‘काय राक्षसायची पुस्तकं वाचून राह्यला’ म्हणून पोराला बोल बोल बोलली होती. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, “किती भाग हायेत?”

“पाच.”

“मंग पयल्यापासून द्या. आता घरात दुसरं हाय काय मले?”

सलीमभाईंनी हळूच स्कूटरची किल्ली काढली आणि पहिला भाग आणायला दुकानाकडे गेले.

पेटीत काय निघालं ते मी सांगणार नाही. पुस्तकवाल्यानं कधी सांगू नये. पण एक धडा मिळाला. आवडत्या पुस्तकाची तपासणी चाहत्याकडे देऊ नये. आता आमच्याकडे ते काम माझे मिस्टर करतात. दहावीनंतर त्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळे एकही फर्मा त्यांच्या नजरेतून सुटत नाही.