अमोनियाच्या डोक्यावरचे दोन ठिपके

वानखेडे काकांचा फोन आला तेव्हा मी निगडीच्या बसस्थानकावर चाकणला जाणाऱ्या कामगारांना पत्रकं वाटत होते. “मॅडम गेल्या गं,” एवढंच म्हणाले. बायकोला तेही आम्हा विद्यार्थ्यांसारखं मॅडमच म्हणत... हातातल्या पत्रकांवर वानखेडे मॅडमनी दुरुस्त केलेलं चित्र होतं. समोरचा माणूस म्हणाला, “द्या की ताई, बस सुटतीय.” मी दिलं.

बारावीला त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर निगडी प्राधिकरणातल्या त्यांच्या दारात रोज ठिपक्यांची रांगोळी असायची, पण कमळ-मोराची नव्हे, रेणूची. मधे अणूंची अक्षरं, भोवती ठिपके. एक ठिपका म्हणजे बाहेरच्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन. शेजारणी विचारत, “आज कोण आलंय दारात?” “मिथेन. गोबरगॅसमधला.” रांगोळी सपाट आणि रेणू मात्र सपाट नाही, याचा मॅडमना भारी राग. मग मी चाकणहून नेलेल्या गोल्टी, म्हणजे बारक्या कांद्यात त्या मला झाडूचे हीर खोचायला लावत. कांदा म्हणजे मधला अणू, हीर म्हणजे बंध. चार हीर, एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब! मी पहिल्यांदा अधिकचं चिन्ह केलं. “वरची-खालची जागा भाड्यानं दिलीस का?” शेवटी तीन हीर तिपाईच्या पायांसारखे खाली आणि चौथा सरळ वर, असं जमलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळे असेल...

गेल्या वर्षी आमच्या वस्तीशेजारच्या शीतगृहातून अमोनिया गळला. माणसं खोकत, डोळे चोळत रस्त्यावर, आणि मालकाचा माणूस निर्लज्जपणे सांगतोय, “वास आहे, जाईल.” मी पेटून पत्रक लिहिलं. मथळा: ‘मृत्यूचा वायू!’ मॅडमना दाखवलं.

“पुढारीणबाई, हे वाचून लोकांनी करायचं काय?”

“जाब विचारायचा!”

“विचारा ना. तोवर श्वास कसा घ्यायचा? अमोनिया काढ बघू.”

मी मधे नायट्रोजन आणि भोवती तीन हायड्रोजन काढले.

“नायट्रोजनचे पाच, हायड्रोजनचे तीन. आठ झाले. बंधांत सहा गेले. उरलेले दोन खाल्लेस?”

ते दोन ठिपके नायट्रोजनच्या डोक्यावर आले. मॅडमनी मिथेनसारखे चार हीर खोचलेल्या कांद्यातला वरचा हीर उपटून तिथं फुगा बसवला आणि खालचे तिन्ही हीर जरा आत दाबले. ही जोडी कुणाशी बांधलेली नाही, तरी तिन्ही हायड्रोजनना खाली रेटते. म्हणून हा रेणू सपाट नाही, तिपाई आहे. आणि हीच जोडी पाण्याला धरते, म्हणून अमोनिया पाण्यात चटकन विरतो. म्हणून नाकातोंडावर ओला कपडा! एवढी साधी गोष्ट शीतगृहवाल्यांनी वस्तीला कधी सांगितली नव्हती. त्यांच्यावरचा माझा राग आजही तसाच आहे. मथळा मात्र बदलला: ‘ओला कपडा नाकावर, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं लांब व्हा.’ जाब खालच्या ओळीत.

निघताना मला राहवेना. विचारलं, त्या मोकळ्या जोडीला एवढी जागा कशाला लागते?

“बंधातल्या जोडीला दोन्हीकडून ओढणारं कुणीतरी असतं,” मॅडम म्हणाल्या. “हिला एकीकडूनच. मग पसरते.”

घरात दुःख असताना दारात रांगोळी काढत नाहीत. ते दिवस संपल्यावर मी गेले, तर काका उंबऱ्याशी बसून, शेजारी माझं पत्रक ठेवून, अमोनिया काढत होते. आयुष्यात पहिल्यांदा रांगोळी हातात घेतली असावी. अक्षरं नीट आली होती. वरचे दोन ठिपके देताना मात्र चिमटीतली रांगोळी भसकन सांडली.

“पसरलं गं. पुसू का?”

“नको काका,” मी म्हणाले. “तिथं जागा जास्तच लागते.”