चार अक्षरांची पाटी

जपानात ग्योतोकुला आमच्या खालच्या मजल्यावर एक जपानी आजी राहायच्या. कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली की दोन्ही हातांनी, वाकून, माझ्या दारात परत आणून द्यायच्या. ओबोन, म्हणजे त्यांचा पितरांचा सण, संपला तेव्हा त्यांनी बजावलं, "आता समुद्रात उतरू नका. पितर पाय ओढतात." मी मान डोलावली आणि घरात येऊन पोटभर हसले. यापेक्षा पितृपक्षात नवी साडी नको म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई बऱ्या, असं नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

त्याच रविवारी आम्ही चिबाच्या किनाऱ्यावर गेलो. आम्ही दोघं आणि नवऱ्याच्या ऑफिसातला एक इंजिनियर, सांगलीकडचा, चार महिन्यांपूर्वी आलेला. दर शनिवारी भाकरीसाठी आमच्याकडे यायचा. किनारा मोकळा होता. खाण्याच्या टपऱ्या उचललेल्या, जीवरक्षक गेलेले. फक्त एक पाटी उभी होती.

"वहिनी, काय लिहिलंय हो?"

तिघांत जपानी वाचता येणारी मी एकटी. वर्षभर क्लास करून तेवढं कमावलं होतं आणि त्याचा मला तोराही होता. चारच अक्षरं होती : पोहण्यास मनाई. मी ती बरोबर वाचली. पण इथे बोलू नका, तिथे थांबू नका, बाटलीचं झाकण वेगळं टाका, या सगळ्याचा मला वीट आला होता.

"सीझन संपला म्हणतायत," मी म्हटलं. "यांची काय, सगळ्यालाच मनाई."

"कृष्णेच्या पुरात पोहलोय मी," म्हणत तो उतरला.

पाणी साधंच दिसत होतं. थोड्या वेळानं त्याचं डोकं फार लांब दिसायला लागलं. तो किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत होता आणि मागेच जात होता. नवरा कमरेपर्यंत पाण्यात शिरला. मी त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला, तो सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या इंजिनियरचा देह सापडला.

मग आपल्या मंडळींच्या बैठका झाल्या. अशा ठिकाणी कडक बंदी हवी, इंग्रजी पाट्या हव्यात, जपानी कोणाला वाचता येतं? तिथल्या नगरपालिकेला अर्ज करायचं ठरलं आणि तो जपानीत लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बंदी तर होती. ती मीच मोडीत काढली होती, तेही रुबाब दाखवायला. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. 'पाटी कोणालाही वाचता आली नाही,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

चुका तपासायला अर्ज आजींकडे नेला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. एक अक्षर सुधारलं. मग हळूच विचारलं, "तुम्ही नव्हतात का बरोबर?"

"नव्हते," मी म्हटलं.

त्यांनी कागद दोन्ही हातांनी, वाकून, मला परत दिला.