चाहूदादाचे तीन ठोके

तुमच्या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. वडाचं झाड, पांढरी साडी, मागून हाक... अहो, काय हे! आमच्या घरातून देव्हारा छप्पन्न सालीच गेला. वडिलांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर घरात भुताखेताचं नाव काढलं तरी ते ताटावरून उठायचे. त्यात मी आयटीआय झालेला फिटर. आवाज आला की आधी बेअरिंग बघायचं, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय, कारण माझ्याजवळ एक असा आवाज आहे ज्याचं बेअरिंग मला आजतागायत सापडलेलं नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी कर्जतला राहायचो आणि खोपोलीच्या अलीकडे खालापूर तालुक्यातल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. नाव सांगत नाही, कारखाना आता बंद आहे. तिथल्या डिस्पॅचला एक मोठं लोखंडी शटर होतं, चौदा फूट उंच. बाजूची साखळी ओढली की वर गुंडाळलं जायचं. आत बायका खोक्यांचे चपटे गठ्ठे डोक्यावर घ्यायच्या, शटरखालून बाहेर जायच्या आणि ट्रकात रचायच्या. दिवसभर तेच.

हे शटर उघडायचं काम चाहूदादाकडे होतं. चाहूदादा ठाकर, डोंगरालगतच्या वाडीतला. बारीक, काळा, बोलायला कमी. एका पावसाळ्यात शटर उघडताना वरच्या गुंडाळीतून धामण सुटली आणि थेट बायकांच्या घोळक्यात पडली. गठ्ठे टाकून ज्या पळाल्या बायका! तेव्हापासून चाहूदादानं एक पद्धत पाडली. शटर उघडून झालं, की हातातल्या काठीनं बाजूच्या लोखंडी पट्टीवर तीन ठोके मारायचा. ठक्... ठक्... ठक्. मग मान तिरकी करून वर बघत ऐकायचा. आणि मग म्हणायचा, "जावा गं."

तो "जावा" म्हणेपर्यंत एक बाई पाऊल टाकायची नाही. सकाळीच नव्हे, दर खेपेला शटर हललं की हेच. मी त्याची फार टिंगल करायचो.

"काय चाहूदादा, शटरला इचारताय होय?"

"इचारायला काय जातंय?" तो म्हणायचा. "दिसभर आपल्या डोस्क्यावर हुबं असतंय ते."

पुढे तो आजारी पडला आणि दोन महिन्यांत गेला. कावीळ झाली होती. त्याच्या जागी कारखान्यानं त्याच्या बायकोला, कान्हीवहिनीला, गठ्ठे वाहायला रोजावर घेतलं. शटर उघडायचं काम माझ्याकडे आलं. मी ठोकेबिके काही मारले नाहीत. साखळी ओढायची, अडकवायची, चालू. पहिले आठ दिवस बायका शटरपाशी येऊन थबकायच्या, मग ती सवयही गेली. निदान मला तसं वाटलं.

आता माझी चूक सांगतो. ती नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मार्च महिना होता. सकाळी शटर उघडताना वर धाडकन आवाज झाला आणि साखळी एकदम जड झाली. मी शिडी लावून पाहिलं. गुंडाळीतली स्प्रिंग तुटली होती. शटरचं वजन ती स्प्रिंग पेलते, माणूस नुसतं निमित्ताला साखळी ओढतो. स्प्रिंग गेली म्हणजे ते सगळं लोखंड साखळीच्या जिवावर. अशा वेळी शटर खाली पाडायचं, कुलूप घालायचं आणि मुंबईहून माणूस येईपर्यंत कोणाला खालून जाऊ द्यायचं नाही. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

साहेब आले. "जाधव, आज दोन गाड्या भरायच्यात. काहीतरी कर बाबा."

हे "काहीतरी कर" फार वाईट असतं. त्यात आपली हुशारी दाखवायची खाज असते. आम्ही चौघांनी जोर लावून शटर वर घेतलं, साखळी हुकात अडकवून बायंडिंग वायरनं करकचून बांधली, आणि दोन्ही पट्ट्यांशी एकेक लाकडी टेकू उभा केला. मी छाती काढून म्हणालो, "आता हत्ती टांगला तरी खाली येत नाही."

दुपारी बायकांची कुरकुर सुरू झाली. डावीकडच्या टेकूला गठ्ठे अडत होते, कोणाचा खांदाही खरचटला. त्यांनी मला हाक मारली. मी गेलो, बघितलं, आणि तो डावा टेकू काढून भिंतीला लावून ठेवला. माझ्या हातानं. कोणी साहेबानं सांगितलं नव्हतं. "एक आहे की, पुरे झाला," असं म्हणालो आणि माझ्या टेबलाशी जाऊन चहा प्यायला बसलो. शटरपासून वीसेक पावलं असतील.

सव्वातीनचा सुमार. लख्ख ऊन. वरच्या पत्र्यातून गरम झळ येत होती. सात बायका डोक्यावर गठ्ठे घेऊन एकीमागे एक शटरकडे निघाल्या, सगळ्यांत पुढे कान्हीवहिनी.

ठक्... ठक्... ठक्.

मी ऐकलं. कपातला चहा हातात तसाच. काठी लोखंडी पट्टीवर मारल्यावर येतो तोच आवाज, सारख्या अंतरानं, सावकाश. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे आलं कुठून, शटरपाशी तर कोणीच नाही.

आणि रांग थांबली. सातही बायका. कान्हीवहिनी अगदी उंबऱ्यापाशी, एक पाय पुढे टाकायच्या बेतात. बाहेरून ट्रकवरचा माणूस ओरडला, "काय झालं गं? या की पुढं!" एकही हलली नाही. माना वर, कान वर.

पाच-सहा श्वास गेले असतील. मग वायर तुटली. हुकातून साखळी सणसणत सुटली, उरलेला टेकू लाथ मारल्यागत उडाला आणि चौदा फुटांचं शटर खाली आदळलं. धुरळा उडाला. सगळा कारखाना हादरला. माझ्या हातातला कप कधी पडला मला कळलंच नाही.

मी धावलो. शटरची खालची पट्टी कान्हीवहिनीच्या पायापासून वीतभर पुढे फरशीत रुतली होती. तिच्या डोक्यावरचा गठ्ठा तसाच. बाकीच्या बायका रडत होत्या, ओरडत होत्या. ती मात्र अजून मान वर करून होती.

"वहिनी, लागलं नाही ना? कशा थांबलात तुम्ही?"

मीच वेडा असल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "अवो, त्यांनी अजून जावा म्हटलं नव्हतं."

माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतोय.

मी एकेकीला विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यात एक नवी होती, चाहूदादा गेल्यावर कामाला लागलेली. तिला या ठोक्यांचं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तुमीच वाजवलं ना दादा? मी म्हटलं थांबा म्हनत असतील." चाहूदादाची काठी कुठे आहे, हेही मी कान्हीवहिनीला विचारलं. ती म्हणाली, "ती तर त्यांच्यासंगंच दिली ना, तवाच."

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं म्हणणं, कोणाला लागलं नाही, तेव्हा अपघाताच्या रजिस्टरात लिहायचं, की बायकांनी टेकूला धक्का मारला. साहेब वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. एरवी मी लिहिलंही असतं बहुतेक. पण कान्हीवहिनीचा तो पाय डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी लिहिलं, "स्प्रिंग तुटलेली असताना शटर चालू ठेवले. डावा टेकू मी काढला." आणि खाली सही ठोकली. मला मेमो मिळाला, आठ दिवस घरी बसवलं.

त्या आठ दिवसांत मी खूप डोकं चालवलं. वायर तुटण्याआधी तिचे पीळ सुटले असतील, त्याचा आवाज? तसलीच वायर आणून घरी परसात दगड टांगून तोडून पाहिली. टिंग असा बारीक आवाज येतो, आणि लगेच तुटते. टेकू सरकला असेल? मग एकदा वाजेल, तीनदा कसा? तेही सारख्या अंतरानं? उन्हानं पत्रा वाजला म्हणावं, तर तो पत्रा मी पाच वर्षं ऐकत होतो.

वडिलांना सांगितलं. ते नेहमीच्या कडक आवाजात म्हणाले, "म्हणजे आता तू भूत मानायला लागलास?"

"नाही बाबा. पण मी टेकू काढला होता, ते मानतो."

ते म्हणाले, "त्या बाईच्या घरी जाऊन आलास का?"

मी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. कान्हीवहिनी अंगणात नाचणी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "वहिनी, तो टेकू मीच काढला होता." ती पाखडत राहिली. म्हणाली, "मला ठावं हाय. मी बघितलं तुमाला. बसा, पानी घ्या." बस्स, एवढंच. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवी स्प्रिंग बसली. पहिल्या सकाळी मी शटर उघडलं, साखळी पिनेनं पक्की केली. बायका गठ्ठे घेऊन आल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. कोणी हलेना.

"जा ना, सगळं ठीक आहे."

कान्हीवहिनी म्हणाली, "वाजवा की."

मी खिशातला पाना काढला. पट्टीवर तीन ठोके मारले. मान तिरकी करून वर बघितलं, खरंच ऐकलं. स्प्रिंग नीट होती, साखळी नीट होती, खबरदारी म्हणून गठ्ठ्यांच्या वाटेबाहेर लावलेले दोन्ही टेकू जागेवर होते. "जावा गं," मी म्हणालो. कान्हीवहिनी पहिली गेली.

कारखाना बंद होईपर्यंत मी ती पद्धत एक दिवस चुकवली नाही. आता कर्जतच्या बाजारात मुलाचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की मी ठोके मारतो, तर मुलगा हसतो. म्हणतो, "पप्पा, शटरला काय विचारता?"

तुम्ही वाचक याला काय म्हणाल ते म्हणा, मी वाद घालणार नाही. चाहूदादा त्या दिवशी समोर असता, तर त्यानं आधी एवढंच विचारलं असतं, की टेकू कोणी काढला. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, सहीनिशी. ते तीन ठोके कोणी मारले, याचं मात्र नाही.